परदेशातल्या शहराची चार दिवसांची सहल फोनवर कशी आखायची? आणि तिथे फोनच बंद पडला तर?

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, आम्ही तिघी मैत्रिणी छत्रपती संभाजीनगरहून निघून क्वालालंपूरला चार दिवस राहून आलो. टूर कंपनी नाही, एजंट नाही, सगळं आपलं आपण फोनवर केलेलं. परत आल्यावर कॉलेजात पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे खर्च किती आला? तेवढं आधी सांगून टाकते. माणशी साडेबत्तीस हजार. त्यात जाण्या-येण्याचं विमान १७,४००, हॉस्टेलच्या तीन रात्री ३,३००, तिथलं खाणं-फिरणं ६,९००, मुंबईपर्यंतची ये-जा १,४००, पासपोर्ट १,५०० आणि उरलेल्या दोन हजारांत ई-सिम, विमा, चार्जरचा ॲडॉप्टर वगैरे. दोन वर्षं शनिवार-रविवारी शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते.

पण मला वाटतं, विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. तिकीट फोनमध्ये, हॉटेलचं बुकिंग फोनमध्ये, नकाशा फोनमध्ये, पैसे फोनमध्ये आणि या सगळ्याची किल्ली असलेला ओटीपीसुद्धा त्याच फोनवर. मग तो एक फोन बंद पडला तर? माझा पडला. दुसऱ्याच दिवशी. ते शेवटी सांगते, कारण त्यातून आम्ही सुटलो ते आधी केलेल्या काही गोष्टींमुळे, आणि थोडे अडकलो ते न केलेल्या गोष्टींमुळे.

शहर कसं निवडलं

सिंगापूर आमच्या यादीत पहिलं होतं. पण तिथे जायला व्हिसा लागतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, पण त्याची फी भरावी लागते. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाची अट काढून टाकली आहे आणि ही सूट ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. मुंबईहून थेट विमान साधारण पाच तासांचं. शिवाय मलय भाषा रोमन लिपीत लिहितात, त्यामुळे पाट्या निदान वाचता तरी येतात. निर्णय झाला.

व्हिसा नाही म्हणजे कागदच नाही असं मात्र समजू नका. मलेशियात उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो फुकट असतो. पण गुगलवर शोधलं की सर्वांत वर जाहिरातीतल्या वेबसाइट दिसतात, दिसायला अगदी सरकारी, आणि त्या या फुकट फॉर्मचे पैसे मागतात. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या साइटचा पत्ता डॉट जीओव्ही डॉट एमवाय असा संपतो. आपल्या पासपोर्टच्या साइटचंही तेच, तिथे शेवट डॉट जीओव्ही डॉट इन असा हवा. पत्त्यात मध्येच कुठेतरी 'जीओव्ही' असून उपयोग नाही.

पासपोर्ट काढताना दोन गोष्टी

३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये. अर्ज ऑनलाइन, मग दिलेल्या वेळेला मूळ कागद घेऊन जायचं, मग घरी पोलीस पडताळणी. हे सगळीकडे लिहिलेलं आहे, मी दोनच गोष्टी सांगते ज्या आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या.

एक, दहावी पास असाल तर ते प्रमाणपत्र जोडा, म्हणजे पासपोर्ट 'नॉन-ईसीआर' होतो. ईसीआर म्हणजे ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागणारा पासपोर्ट, आणि त्या देशांच्या यादीत मलेशिया आहे. आपण फिरायला चाललोय, नोकरीला नाही, तरीही विमानतळावर जास्तीचे प्रश्न कशाला ओढवून घ्यायचे? दोन, होस्टेलवर राहणाऱ्यांनी गावी जाऊन अर्ज करायलाच हवा असं नाही. आमच्यातली एक जालन्याची. तिने कॉलेजचं बोनाफाइड देऊन इथल्याच पत्त्यावर अर्ज केला.

आणि एक खास आपल्या शहराचा घोळ. माझ्या जन्मदाखल्यावर औरंगाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर. विमानाच्या ॲपमध्ये चिकलठाण्याचं विमानतळ अजून औरंगाबाद या नावाने, आयएक्सयू या कोडने सापडतं. रेल्वे स्टेशनचं नाव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये बदललं आणि कोडही एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. त्यामुळे सुरुवातीला तारांबळ उडते. आम्ही नियम एकच पाळला. परदेशी फॉर्ममध्ये पासपोर्टवर जे छापलंय ते अक्षरन् अक्षर तसंच लिहायचं. नावाचंही तेच. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, आणि पासपोर्टवर पहिली दोन्ही 'गिव्हन नेम'मध्ये जातात. तिकीट काढताना 'फर्स्ट नेम'च्या रकान्यात तीच दोन्ही लिहा. इन्स्टाग्रामवरचं लाडकं स्पेलिंग इथे चालणार नाही.

तिकिटाचे दर का उड्या मारतात

"इन्कॉग्निटोमध्ये शोध, नाहीतर दर वाढतो," हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. मीही महिनाभर काळी खिडकी उघडून शोधत बसले होते. खरा हिशेब वेगळा असतो. विमानातल्या एकाच वर्गाच्या सीट कंपनी वेगवेगळ्या दरांच्या गटांत वाटते. समजा सर्वांत स्वस्त गटात दोनच सीट उरल्या आहेत. तुम्ही तीन जणांसाठी शोधलंत तर त्या गटात तिघं मावत नाहीत, म्हणून तिघांनाही पुढच्या, महाग गटाचा दर दिसतो. आम्हाला तिघींसाठी शोधताना माणशी जो दर दिसला, त्यापेक्षा एकटीसाठी शोधल्यावर हजारभर रुपये कमी दिसला. मग दोघींचं एक तिकीट आणि एकीचं वेगळं असं काढलं. ग्रुपने जाणार असाल तर हे एकदा तपासून बघाच.

गुगल फ्लाइट्समध्ये तारखांचा आलेख असतो, त्यात कोणत्या दिवशी स्वस्त आहे ते एका नजरेत कळतं. 'ट्रॅक प्राइसेस' चालू केलं की दर हलला की मेल येतो. आम्ही सात आठवडे आधी काढलं. आणि स्वस्त तिकिटात सामान किती धरलंय ते वाचा. आमच्यात सात किलोची केबिन बॅग तेवढी होती. चार दिवसांसाठी ती पुरते, पण विमानतळावर गेल्यावर जास्तीचं वजन निघालं तर तिकिटाची सगळी बचत तिथेच जाते. घरी बाजारातल्या पिशव्या तोलायचा हातातला काटा होता, त्यावर बॅग तोलली.

रात्री बारानंतरची फ्लाइट

हा प्रसंग सांगताना अजून पोटात गोळा येतो. आमची फ्लाइट १३ नोव्हेंबर, गुरुवार, ००:२५ ची. आम्ही तिघी इंजिनिअरिंगच्या, हुशार म्हणवणाऱ्या. आम्ही काय केलं, तर बुधवारी १२ तारखेच्या रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस बुक केली. गुरुवारी सकाळी मुंबईत उतरू, दिवसभर फिरू, रात्री विमान पकडू.

चूक लक्षात आली का? गुरुवारी ००:२५ म्हणजे बुधवारची रात्र संपून पंचवीस मिनिटं झालेली असतात. आम्ही देवगिरीत झोपायची तयारी करत असताना आमचं विमान मुंबईहून उडून गेलं असतं. तिघींचे मिळून पन्नास हजारांवर पैसे पाण्यात.

हे कोणाच्या लक्षात आलं? माझ्या बाबांच्या, आठ दिवस आधी. ते एसटीत आहेत, रात्रपाळीच्या वेळापत्रकात आयुष्य गेलं त्यांचं. कागदावर तारीख बघून एवढंच म्हणाले, "अगं, ही तर बुधवारची रात्र झाली की."

मग देवगिरी रद्द करून बुधवारच्या सकाळची जनशताब्दी घेतली. दुपारी दादरला उतरलो, मैत्रिणीच्या मावशीकडे जेवलो आणि संध्याकाळी मेट्रो ३ ने थेट टी-२ टर्मिनलच्या स्टेशनावर. तुम्ही एक करा. तिकीट आलं की लगेच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच्या तीन तास आधी 'विमानतळावर पोहोचणे' अशी दुसरी नोंद करा. ती नोंद आदल्या दिवसात जाऊन पडली की डोळ्यांना लगेच दिसतं.

सिम, ई-सिम आणि ओटीपीचं चक्रव्यूह

आता मुख्य विषय. परदेशात नेट चालवायचे तीन मार्ग. आपल्या कंपनीचा रोमिंग पॅक, तिथे उतरून घेतलेलं सिम, किंवा ई-सिम. आम्ही ई-सिम घेतलं.

ई-सिम म्हणजे फोनच्या बोर्डावर आधीच बसवलेली चिप. सिम कार्ड घालण्याऐवजी त्या चिपमध्ये कंपनीची ओळख डाउनलोड करायची. क्यूआर कोड येतो, तो स्कॅन केला की झालं. तुमच्या फोनला चालतं का हे बघायला डायल पॅडवर *#०६# टाका. आयएमईआयच्या जोडीला 'ईआयडी' असा लांबलचक नंबर दिसला तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. डाउनलोडला इंटरनेट लागतं, म्हणून हे काम घरी वायफायवर करून ठेवा. तिथे उतरून नेट मिळवण्यासाठी नेट शोधत बसाल.

आमची मांडणी अशी होती. भारतीय नंबर नेहमीच्या सिमवर, त्याचं डेटा रोमिंग बंद, तो फक्त एसएमएस घेण्यासाठी. डेटा ई-सिमवर. परदेशात येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत. पण त्यासाठी नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू असावी लागते, आणि इथेच आमच्यातली एक फसली. 'डेटा रोमिंग' आणि 'रोमिंग सेवा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली फोनच्या सेटिंगमध्ये असते, दुसरी कंपनीकडे.

क्वालालंपूरच्या विमानतळावर तिने ग्रॅब, म्हणजे तिकडचं टॅक्सीचं ॲप, उघडलं. त्यात नोंदणीसाठी ओटीपी. तो भारतीय नंबरवर येणार. रोमिंग सेवा बंद, म्हणून सिमला नेटवर्कच नाही. सेवा चालू करायला कंपनीचं ॲप उघडलं, तर त्यात लॉगिन करायला पुन्हा ओटीपी! आम्ही दोघी हसून हसून बेजार, ती रडवेली. शेवटी माझ्या हॉटस्पॉटवरून तिने भावाला व्हॉट्सॲप केलं, त्याने जालन्यातून तिच्या प्रीपेड नंबरवर रोमिंग पॅक मारला आणि दहा मिनिटांत नेटवर्क आलं.

म्हणून जी ॲप तिथे लागणार आहेत ती घरीच डाउनलोड करून, ओटीपी टाकून, एकदा उघडून बघा. आणि यूपीआय किंवा बँकेचं ॲप निघण्याच्या आठवड्यात काढून पुन्हा टाकू नका. नोंदणी करताना ते ॲप तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून सिम आणि फोन यांची जोडी बांधतं. परदेशातून ही जोडी पुन्हा बांधणं म्हणजे डोकेदुखी.

पैसे

यूपीआय सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, भूतान, फ्रान्स अशा देशांत काही ठिकाणी चालतं, त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय सेवा वेगळी चालू करावी लागते. पण 'काही ठिकाणी' हे शब्द लक्षात ठेवा. क्वालालंपूरमध्ये चहाच्या टपरीवरसुद्धा गुलाबी क्यूआर कोड लावलेला दिसतो, तो तिथल्या व्यवस्थेचा. आम्ही हौसेने स्कॅन केला, आमच्या ॲपला तो कळला नाही.

कार्डाचं काय? रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते चालू करायचे आणि सोबत मर्यादाही घालायची. मर्यादा का, तर परदेशी वेबसाइटवर भारतीय कार्ड कधी कधी ओटीपीशिवायही चालून जातं. कार्डाचा नंबर कोणाच्या हाती लागला तर नुकसान मर्यादेत राहतं.

साध्या डेबिट कार्डावर बँक चलन बदलण्याचे दोन ते साडेतीन टक्के घेते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. वीस हजार खर्च केले आणि साडेतीन टक्के धरले तर सातशे रुपये, जीएसटी धरून ८२६. आम्ही फोरेक्स कार्ड घेतलं, म्हणजे आधीच रिंगिट भरून ठेवलेलं कार्ड. सोबत थोडी रोख.

आणि हा सापळा नीट समजून घ्या. डेबिट किंवा क्रेडिट कार्ड लावलं की दुकानातलं मशीन किंवा एटीएम विचारतं, पैसे रुपयांत कापू की रिंगिटमध्ये? आपल्याला वाटतं, रुपयांत बरं, हिशेब कळतो. पण रुपये निवडले की भाव बँक ठरवत नाही, त्या मशीनमागची कंपनी ठरवते आणि त्यात आपला नफा घालते. नेहमी तिथलं चलन निवडा. आमच्यातल्या एकीने एटीएमवर घाईत रुपये निवडले, आणि कार्डाच्या भावापेक्षा जवळजवळ पाच टक्के जास्त गेले. तेवढ्यात तिघींचा नाश्ता झाला असता.

तिथे फिरताना

विमानतळ शहरापासून लांब आहे. केएलआयए एक्स्प्रेस ट्रेन अर्ध्या तासात केएल सेंट्रलला नेते, पण माणशी ५५ रिंगिट. रिंगिट तेव्हा साधारण एकवीस रुपयांना होता, म्हणजे अकराशे-साडेअकराशे रुपये. बसला साधारण १५ रिंगिट आणि एक तास. आम्ही बसने गेलो. वाटेत तेलपामची बागच बाग.

इमिग्रेशनला मला विचारलं, किती दिवस, कुठे राहणार, परतीचं तिकीट दाखव. विमानतळाच्या वायफायची वाट बघत बसू नका, हे तिन्ही कागद फोनमध्ये डाउनलोड केलेले आणि हातात छापलेले असू द्या. माझ्या पुढच्या मुलाला मेल उघडत नव्हता, तो घामाघूम झालेला मी पाहिला. व्हिसा माफ असला तरी आत घ्यायचं की नाही हे तो अधिकारीच ठरवतो.

गुगल मॅप्सवर शहराचा नकाशा आधी डाउनलोड करता येतो. निळा ठिपका नेट नसतानाही हलतो, कारण जीपीएस उपग्रहांचे संकेत ऐकून काम करतं, त्याला नेट लागत नाही. पण ऑफलाइन नकाशावर फक्त गाडीचा रस्ता मिळतो. चालत कसं जायचं, कोणती मेट्रो पकडायची हे नेटशिवाय दिसत नाही. म्हणून मेट्रोच्या मार्गांचा एक स्क्रीनशॉट काढून ठेवा.

भाषेची फार मजा आली. 'केलुआर' म्हणजे बाहेर जायचा रस्ता आणि 'तांदास' म्हणजे स्वच्छतागृह, हे दोन शब्द पहिल्या तासात पाठ होतात. नंतर लक्षात आलं की अर्धे शब्द ओळखीचेच आहेत. भाषेला 'बहासा', स्वामीवरून आलेला 'सुआमी' म्हणजे नवरा, स्त्रीवरून 'इस्तेरी' म्हणजे बायको. आणि 'नगर'चं त्यांनी 'नगारा' करून थेट देश करून टाकलाय! क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या मिळतात त्या टोकावर १९०९ ची जामेक मशीद आहे, तिथे संध्याकाळी बसलो. पेट्रोनास टॉवर खालूनच पाहिले, वर जायचं तिकीट आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं. खालच्या बागेत कारंजी फुकट आहेत. खाण्याला ब्रिकफील्ड्स, केएल सेंट्रलच्या शेजारचं लिटल इंडिया. केळीच्या पानावर भात, रस्सम, भाज्या, पोट भरेपर्यंत.

चार्जरचं विसरू नका. मलेशियात चौकोनी तीन पट्ट्यांचा प्लग असतो, आपला बसत नाही. पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही. मर्यादा १०० वॉट-तास. हिशेब असा की एमएएचला १,००० ने भागून ३.७ ने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. २०२५ पासून अनेक विमान कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायला मात्र मनाई केली आहे, म्हणून फोन आधीच भरून घ्या.

आणि फोन बंद पडला

१४ तारखेला दुपारी आम्ही बाटू केव्ह्जला गेलो. केएल सेंट्रलहून लोकल ट्रेन थेट जाते. चुनखडीच्या डोंगरातली नैसर्गिक गुहा, पायथ्याशी मुरुगनची ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती आणि वर जायला २७२ रंगीत पायऱ्या. वेरूळच्या गावच्या मुली आम्ही, गुहेचं कौतुक आम्हाला काय सांगता, असं म्हणत चढलो. पण आत छतातून उजेड पडतो ते बघून गप्प झालो. उतरताना पाऊस आला. नोव्हेंबरात तिथे दुपारचा पाऊस धो धो कोसळतो. एका माकडाने मैत्रिणीच्या हातातल्या पिशवीवर झडप घातली, मी दचकले, आणि माझा फोन ओल्या पायऱ्यांवरून टप्पे खात खाली. स्क्रीन काळी. परत उजळलीच नाही.

पहिली दहा मिनिटं मला काहीच सुचेना. मग एकेक गोष्ट लक्षात यायला लागली.

ई-सिम गेलं. साधं सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, ई-सिम त्या मेलेल्या फोनमध्येच अडकलं. क्यूआर कोडही पुन्हा चालला नाही, तो एकदाच वापरायचा होता. म्हणूनच भारतीय नंबर साध्या सिमवर ठेवणं उपयोगी पडलं. सेफ्टी पिनने ट्रे उघडला आणि माझं सिम मैत्रिणीच्या फोनमध्ये दहा मिनिटांपुरतं घातलं. भारतीय नंबरही ई-सिमवर असता तर चार दिवस एकही ओटीपी मिळाला नसता.

सिम कशासाठी, तर जीमेलसाठी. मैत्रिणीच्या फोनवर माझं जीमेल उघडायला गेले तर गुगल म्हणे, तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, 'होय' दाबा. कोणत्या फोनवर? त्या मेलेल्या! 'दुसरा मार्ग वापरा' हे दाबल्यावर एसएमएसचा पर्याय आला आणि सुटले. पण यासाठी खरा उपाय वेगळा आहे आणि तो मी केला नव्हता. गुगल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'बॅकअप कोड' मिळतात, आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून पासपोर्टजवळ ठेवले तर सिमही लागत नाही, फोनही लागत नाही. हा लेख वाचून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पाच मिनिटं लागतात.

फोरेक्स कार्डाचं ॲप गेलं, म्हणजे शिल्लक दिसेना. पण कार्ड प्लास्टिकचं होतं आणि पिन पाठ होता, त्यामुळे दुकानात चालत राहिलं. पिन मी फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवणार होते, नशीब ठेवला नाही. रोख दोन ठिकाणी होती. पहिल्या दिवशीचे फोटो हॉस्टेलच्या वायफायवर रात्रीच गुगल फोटोजमध्ये चढले होते, ते वाचले. बाटू केव्ह्जचे गेले. त्या गुहेतला उजेड आता मैत्रिणीच्या फोटोंत आहे, पण मी कुठल्याच फोटोत नाही.

राहिलं परतीचं तिकीट. आमच्या विमान कंपनीत ऑनलाइन चेक-इन केलं नाही आणि काउंटरवर करायला गेलं तर वेगळे पैसे पडतात. चेक-इनला पीएनआर लागतो. माझं तिकीट वेगळं काढलेलं, आठवतंय ना? स्वस्तात पडावं म्हणून. त्यामुळे माझा पीएनआर या दोघींकडे नव्हता. तो होता माझ्या बॅगेच्या खणात, उस्मानपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्या काकांकडून काढलेल्या प्रिंटवर. निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी त्या काढायला लावल्या होत्या, तिकीट, हॉस्टेल, विमा आणि पासपोर्टची झेरॉक्स. तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, आता कोण कागद बाळगतं?" त्यावर त्यांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं, फक्त प्लास्टिकचं फोल्डर आणून दिलं होतं.

फोन चोरीला गेला असता तर आणखी एक गोष्ट लागली असती, आयएमईआय नंबर. भारतात संचार साथी पोर्टलवर तो देऊन फोन ब्लॉक करता येतो. मी तो लिहून ठेवला नव्हता, घरी खोक्यावर होता.

उरलेले दोन दिवस मी फोनशिवाय फिरले. हरवलोच तर दर तासाला मसजिद जामेक स्टेशनच्या दाराशी भेटायचं, असं ठरवून ठेवलं होतं. एकदा खरंच चुकामूक झाली आणि मी तिथे पाऊण तास उभी राहिले.

रविवारी रात्री घरी. सोमवारी पैठण गेटला फोन नेला. दुकानदाराने उघडून पाहिला आणि डिस्प्लेसोबत बोर्डही गेलाय म्हणाला, दुरुस्तीचा आकडा नव्या फोनच्या निम्म्याहून जास्त. मी आईचा जुना फोन घेतला, सिम घातलं, यूपीआयचं ॲप टाकलं, त्याने एसएमएस पाठवून जोडी बांधली आणि पहिले पैसे त्याच दुकानदाराला दिले, फोन उघडून बघितल्याचे दीडशे रुपये. मग कॅलेंडर उघडलं. त्यात अजून १२ नोव्हेंबरची ती नोंद होती, 'विमानतळावर पोहोचणे, रात्री ९'.